तपासणीची कुपी

पस्तीसएक वर्षं मी औषधं तयार करण्यात घालवली आणि त्यातलं एकही आज कुठल्या दुकानात मिळत नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या धंद्यात ही सर्वसाधारण गोष्ट आहे. पण इथल्या मराठी मंडळात कुणी तरी नव्याने आलेल्या मुलीशी ओळख करून देतं, "या शैलामावशी, यांनी जेनेटिक औषधं शोधली," आणि ती बिचारी आदराने बघते, तेव्हा मला कुठे लपू असं होतं. एकदा गणपतीच्या आरतीनंतर एका काकांनी गळच घातली, माझ्या गुडघ्यांसाठी काही असेल तर बघा. मी म्हटलं, काका, माझी औषधं बहुतेक उंदरांनाच लागू पडतात. त्यांना तो विनोद वाटला.

बहुतेक म्हटलं, कारण एका माणसाला लागू पडलं होतं. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

पेशीतलं डीएनए हा मूळ मजकूर. पेशीला एखादं प्रथिन करायचं असलं की ती मजकुराच्या तेवढ्या भागाची नक्कल काढते. ती नक्कल म्हणजे आरएनए. मूळ मजकुरात चूक असली की नक्कल चुकीची निघते, प्रथिन बिघडलेलं तयार होतं, आणि काही रोगांत ते मेंदूच्या पेशींत साचत जातं. मूळ मजकुराला हात लावणं अवघड. म्हणून आम्ही त्या नकलेला नेमकी चिकटेल अशी वीसेक कड्यांची एक छोटी साखळी बनवतो. ती चिकटली की पेशी स्वतःच ती नक्कल फाडून टाकते. कल्पना एवढीच आहे आणि कागदावर ती फार छान दिसते.

साखळी यंत्रात एकेक कडी जोडत वाढवायची. यात सगळ्यात मोठा शत्रू पाणी. हवेतला दमटपणा किंचित जरी आत शिरला तरी कडी जोडली जात नाही, आणि आमची कंपनी बॉथेलला, म्हणजे वर्षातले आठ महिने ओल्या असणाऱ्या गावात. कुणी ही जागा निवडली देव जाणे. सगळं नीट झालं तर शेवटी जो पदार्थ हाती येतो तो पांढराशुभ्र, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा हलका असतो. मला तो बघायला फार आवडायचा. शरीराने ही साखळी लगेच तोडू नये म्हणून तिच्या प्रत्येक सांध्यातला एक ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवतात. वर्षं जातात तसं हे गंधक गळायला लागतं. म्हणून औषधावर एक्स्पायरीची तारीख घालतात, आणि ती तारीख पुढे न्यायची असेल तर औषध अजून शाबूत आहे हे तपासून दाखवावं लागतं.

ही तपासणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आमचं शीत म्हणजे सीलबंद काचेची कुपी. सील उघडलं की ती कुपी कुणाला टोचता येत नाही, तपासून फेकून द्यायची. त्यासाठी प्रत्येक बॅचमधल्या काही कुप्या आधीच बाजूला काढतात. त्या तपासणीच्या कुप्या. बऱ्याचशा फ्रिजमध्ये राहतात आणि थोड्या मुद्दाम उबेत ठेवतात. उबेत औषध लवकर बिघडतं, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळतं. शेवटची काही वर्षं या कुप्या माझ्या ताब्यात होत्या. तरुण मुलांना हे काम कंटाळवाणं वाटायचं. मला नाही वाटलं कधी.

आता केलीबद्दल. केली हे एका मुलीचं नाव.

बायोटेक कंपन्यांत एक रिवाज आहे. वर्षातून एकदा एखाद्या पेशंटला बोलावतात, सगळे लोक कॅफेटेरियात जमतात, पेशंट आभार मानतो, लोक डोळे पुसतात आणि मग पिझ्झा खातात. मला हा प्रकार कधीच आवडला नाही, पण हजेरी लावावी लागायची. त्या वर्षी डोंगरापलीकडच्या याकिमाच्या बाजूने एक चेरीचा बागाईतदार आला होता, डग नावाचा. बरोबर त्याची विशीतली मुलगी केली, चाकाच्या खुर्चीत. तिला असाच एक मेंदूचा रोग होता. कॉलेजात असताना पाय अडखळायला लागले, मग हात, मग जीभ. आमच्या औषधाची ट्रायल चालू झाली तेव्हा डग तिला चमच्याने भरवत होता. आता ती स्वतः खात होती आणि तिचं बोलणं, हळू असलं तरी, कळत होतं.

मायक्रोफोन तिच्या हातात दिला. सगळे रुमाल काढून तयार. ती म्हणाली, "तुमचं इंजेक्शन पाठीच्या कण्यात देतात. फार दुखतं. ते वर्षातून एकदाच द्यायची काही सोय करता येईल का?"

मी मागच्या रांगेतून हसले. मला ती मुलगी तिथेच आवडली. पिझ्झाच्या वेळी मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, ती सोय करायला मला आणखी काही वर्षं लागतील. ती म्हणाली, "मग घाई करा, मी बिझी असते." डग बाजूला उभा होता. तो मला हळूच म्हणाला की दोन वर्षांपूर्वी तिने त्याच्यावर ओरडणं बंद केलं होतं, आवाजच नव्हता उरला, आणि आता ती रोज ओरडते. हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता.

पुढच्याच वर्षी ट्रायल फसली. अविनाश मला सांगायला स्वतः माझ्या लॅबमध्ये आला. अविनाश पुण्याचा, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, एके काळी माझ्या हाताखाली होता आणि आता व्हाइस प्रेसिडेंट झालेला. मी नागपूरची असल्यामुळे आमची जुनी चेष्टा चालायची. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

"ताई, डेटा बघितलात? औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ओव्हरऑल काहीच डिफरन्स नाहीये. बोर्डाने प्रोग्रॅम कॅन्सल केलाय."

"आणि ती चेरीवाल्याची मुलगी?"

"एक पेशंट म्हणजे ट्रायल नाही. हे तुम्हीच शिकवलंत मला."

शिकवलं होतं खरं. केलीच्या बाबतीत औषध का चाललं आणि बाकीच्यांच्या का नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. प्रोग्रॅम बंद झाला की निरनिराळ्या हॉस्पिटलांत पाठवलेलं औषध परत मागवायचं असतं, आणि परत आलेली कुपी पुन्हा कुणाला देता येत नाही, कारण मधल्या काळात ती कुठल्या फ्रिजमध्ये किती नीट ठेवली होती याची खात्री कोण देणार? ती जाळून टाकतात. खोकीच्या खोकी परत आली, ट्रक आला आणि घेऊन गेला. त्यानंतर केलीच्या डॉक्टरांचं पत्र आलं. ट्रायल संपली तरी हिला औषध चालू ठेवायची परवानगी आपण सरकारकडून मिळवली आहे, तुमच्याकडे शिल्लक किती?

शिल्लक होत्या त्या माझ्या तपासणीच्या कुप्या, सीलबंद आणि आमच्या दाराबाहेर कधीच न गेलेल्या. बाकी सगळं धुरात गेलं होतं.

नवी बॅच करा म्हणून मी अविनाशच्या मागे लागले. ज्या मोठ्या यंत्रावर ती झाली असती ते विकायला काढलेलं होतं. मी म्हटलं, माझ्या लॅबमधल्या छोट्या यंत्रावर करते, एका मुलीपुरतं किती लागणार? आठवड्याभरात देते करून, रेणू न् रेणू तोच.

"ताई, तुम्ही तर घरी मोदक केल्यासारखं औषध करायला निघालात," तो म्हणाला. "क्लीन रूम नाही, स्टराइल फिलिंग नाही. ते तिच्या स्पाइनमध्ये जाणार आहे यार."

त्याचं खरं होतं. पण हातात कला असून ती वापरता येऊ नये याचा मला मनापासून राग आला आणि तो अविनाशवर निघाला. काही दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

कंपनी हळूहळू रिकामी झाली. अविनाशही बोस्टनला दुसरीकडे गेला. माझी निवृत्ती आलेलीच होती. मला सांगण्यात आलं की हवं तर अर्धवेळ या, कुप्या सांभाळा, तपासण्या करा. मी हो म्हटलं. माझी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, यू आर नॉट हर डॉक्टर. लेट इट गो." मी तिला म्हटलं, डॉक्टर नाही म्हणून तर सोडता येत नाही, डॉक्टरांकडे दुसरे पेशंट असतात.

केलीला दर चार महिन्यांनी एक कुपी लागायची. आणि औषधाची तारीख जवळ आली की तपासणीला कुप्या लागायच्या, त्याही तिच्याच हिश्शातल्या. ती आणि मी एकाच पातेल्यातून खात होतो म्हणा ना. माझ्यावर लक्ष ठेवायला ब्रेंडा होती. ब्रेंडा म्हणजे आमची क्वालिटीची प्रमुख. तिची सही झाल्याशिवाय एकही कुपी दाराबाहेर जात नसे. उंच, बारीक, नेहमी स्वेटर घातलेली बाई. नियमाच्या बाहेर तिने कधी एक पाऊल टाकलं नसेल. तिच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

पहिल्यांदा मी तिच्याकडे गेले ते निर्जंतुकतेच्या चाचणीबद्दल. औषधात जंतू शिरलेले नाहीत हे बघायला कुप्यांचा ढीग खर्ची पडतो. मी म्हटलं, कुपीचं झाकण कुठे गळत नाही एवढं दाखवलं तर जंतू शिरतील कुठून? झाकणाची चाचणी कुपी न उघडता करता येते. ब्रेंडाने सगळं वाचून मान्य केलं. पुढे मी उरलेल्या सगळ्या चाचण्या एकाच कुपीत बसवल्या. आधी प्रत्येक चाचणीला वेगळी कुपी फोडायचे. मी थेंबाथेंबाचा हिशेब बसवला, सगळ्यात शेवटचा थेंबसुद्धा वापरला. मग एक युक्ती सुचली, तिचा मला अजून अभिमान आहे. उबेत ठेवलेल्या कुप्या केलीला देता येतच नव्हत्या. मी त्या तपासणीला घेतल्या. उबेतली कुपी जर चांगली निघाली तर फ्रिजमधली चांगली असणारच, हे शेंबडं पोरही सांगेल. ब्रेंडाने त्यालाही हो म्हटलं, आणि उबेतल्या कुप्या पुरल्या तोवर फ्रिजमधली प्रत्येक कुपी केलीला गेली.

दर इंजेक्शनच्या वेळी कुपी न्यायला येणाऱ्या हॉस्पिटलच्या माणसाबरोबर डग माझ्यासाठी निरोप धाडायचा. केली स्वतः कपडे घालते. केलीने माझ्या गाडी चालवण्यावर टीका केली. केलीने भावाच्या लग्नात भाषण केलं, फारच लांबवलं. मी ते निरोप घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे. आमचं औषध फसलं असं जगाने ठरवलेलं असताना मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

उबेतल्या कुप्या संपल्या. मग फ्रिजमधल्याही संपत आल्या, आणि एका वसंतात कपाटात दोनच उरल्या. पुढचं इंजेक्शन जूनमध्ये होतं आणि तारीख मे महिन्यात संपत होती. तपासणी झाली नाही तर दोन्ही बाद. झाली तर एक फुटणार, दुसरी केलीला मिळणार. म्हणजे चार महिने मिळतील आणि संपलं. आणि दोन्ही तिला द्यायला मिळाल्या असत्या तर आठ महिने.

मी सगळ्या जुन्या तपासण्यांचे आकडे एका कागदावर काढले आणि या वेळी न तपासताच तारीख वाढवून दे म्हणून ब्रेंडापुढे ठेवले. "ही रेघ बघ," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत कशी सरळ चाललीये. ती अचानक या महिन्यात कोसळणार आहे का? डोळे उघडे असलेल्या कुठल्याही केमिस्टला विचार."

"मला रेघ दिसतेय," ब्रेंडा म्हणाली. "पण उबेतली शेवटची कुपी आपण तपासली तेव्हापासून हे औषध कुणी पाहिलेलं नाही. आता ते इतकं जुनं आहे की त्या वयात ते चांगलं राहतं याचा एकही पुरावा जगात नाही. आणि शैला, ते तिच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात जातं. काही झालं तर तू आणि मी तिच्या वडलांना काय सांगणार, की रेघ सरळ होती?"

मला संताप आला, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा आला की तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर मीही सही केली नसती. तरी मी अविनाशला बोस्टनला फोन लावला, कारण कुणीतरी तिचं चूक आहे म्हणावं असं वाटत होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, ब्रेंडा राइट आहे. आय ॲम सॉरी. तुम्ही जेवलात का?"

दुपारी जेवण झाल्यावर मी कपाट उघडलं. दोन्ही कुप्या शेजारी शेजारी होत्या, पारदर्शक, पाण्यासारख्या. यातली कुठली घ्यायची याला काहीच नियम नव्हता. मी डावीकडची घेतली. का, ते सांगता यायचं नाही. ब्रेंडा साक्षीदार म्हणून बाजूला उभी राहिली. मी हातमोजे घालताना तिने माझा चष्मा नीट केला. मी वरचं ॲल्युमिनियमचं झाकण काढलं, रबरातून सुई घातली आणि औषध काढून घेतलं. आता ती कुपी केलीची राहिली नव्हती.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. यंत्राच्या आलेखावर औषध शुद्ध असलं की एकच उंच शिखर दिसतं, आणि बिघडत चाललं की त्याच्या अंगाला कुबड येतं. शिखर जसंच्या तसं होतं. कुबड जवळजवळ नाहीच. गंधक जागच्या जागी. मी जन्मात याहून टिकाऊ औषध केलं नव्हतं. निकाल चांगला आला म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडणारी मी बहुधा एकटीच केमिस्ट असेन. ब्रेंडाने सही केली, तारीख पुढे गेली, आणि जूनमध्ये उजवीकडची कुपी केलीला मिळाली.

त्यानंतर करायला काम उरलं नाही. मी चावी दिली, ब्रेंडाशी हस्तांदोलन केलं आणि घरी आले. दुसऱ्या एका कंपनीत याच रोगावर काम चाललं आहे असं मी डगला कळवलं होतं, आणि ते खरंही आहे, पण ते माणसांपर्यंत यायला अजून काही वर्षं आहेत हेही कळवलं होतं.

हिवाळ्यात डगचा फोन आला. माझा नंबर त्याला मीच दिला होता. आवाज थकलेला होता. केलीचा हात पुन्हा थरथरायला लागला होता, चमचा तोंडापर्यंत जात नव्हता. बोलणं अजून होतं, पण घरच्यांनाच कळेल इतकंच. ती चिडते का, मी विचारलं. तो म्हणाला, "चिडते. पण आवाज निघत नाही."

आम्ही थोडा वेळ हवेबद्दल बोललो, बर्फाने घाट बंद होता त्याबद्दल बोललो. मग त्याने विचारलं, "तुम्ही ती जी शेवटची कुपी तपासली, ती कशी निघाली होती? मला कुणी सांगितलंच नाही."

खोटं बोलायचं मनात आलं. औषध थोडं उतरलं होतं, म्हटलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. पण आयुष्यभर जे आकडे आले तेच सांगत आले होते.

"चांगली निघाली," मी म्हटलं. "अगदी चांगली."

"म्हणजे तीही तिला चालली असती."

"हो. चालली असती."

पलीकडे कुठेतरी दार ओढून घेतल्याचं ऐकू आलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "हे मी केलीला सांगणार नाही."

"नका सांगू," मी म्हटलं.